चालू खर्च आणि तुझे सर

प्रिय ठकू,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घे. तक्रार गंभीर आहे, तेव्हा बसून वाच. मागल्या महिन्यात तू दोन दिवस घरी आलीस. तुझ्या आईने चहा ठेवला, मी सवयीने साखरेचा डबा तुझ्याकडे सरकवला, आणि तू तो दोन बोटांनी, मेलेलं झुरळ बाजूला करावं तसा, माझ्याकडे परत ढकललास. वर म्हणालीस, "सर म्हणतात, साखरेनं दुपारी डोकं जड होतं." ठकू, तुला दात आल्यापासून साखर कमी खा म्हणून कोण सांगत होतं? मी सांगितलं की ती कटकट, आणि सरांनी सांगितलं की ते शास्त्र! अगं, आपल्या जुन्या न्यायशास्त्रातसुद्धा एखाद्याचं म्हणणं प्रमाण मानायचं तर तो माणूस आप्त असावा लागतो. तिथे आप्त म्हणजे विश्वासाचा, आणि आपल्या घरगुती भाषेत आप्त म्हणजे नात्याचा. दोन्ही अर्थांनी तो माणूस समोर बसलेला असताना तू परक्याचा दाखला दिलास. निकाल तुझ्यावर सोडतो, पण दंड म्हणून हे पत्र शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तुझी आई औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे कुठलंही लक्षण दिसलं की त्याला नाव देण्याची तिला घाई. तू बसमध्ये बसलीस आणि आम्ही परत फिरलो, तेवढ्या वाटेत तिने निदान केलं. "तुम्ही जळताय," ती म्हणाली. मी म्हटलं, "असल्या क्षुद्र गोष्टीसाठी?" तर म्हणाली, "मोठ्या गोष्टीसाठी जळायला मोठा माणूस लागतो." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. माणसाच्या सहा शत्रूंची यादी लहानपणी घोकली होती. तिच्यात मत्सर अगदी शेवटी येतो, म्हणून मला वाटायचं की आधीच्या पाचांची वर्दळ कमी झाली की हा कधीतरी डोकावून जाईल. तो पंचावन्नाव्या वर्षी आला, आणि आला तो बोचकं घेऊन, राहायलाच.

याला फोनवर औषध नाही. जुने कवी श्लोकाचं माप भरावं म्हणून मधेच च, वै, तु, हि असली अक्षरं घालत. तू वाक्याचं माप भरायला "सर म्हणतात" घालतेस. मागच्या वेळी तर कहरच झाला. मी तुला माझ्या गुडघ्याची सविस्तर हकीकत सांगत होतो, त्यात तुझ्या आईच्या स्वभावाविषयी दोन खासगी टिपणंही होती, आणि एकाएकी तुझ्या फोनमधून एक भारदस्त आवाज म्हणाला, "साहेब, गरम पाण्यानं शेकून बघा." तू गाडीत होतीस, फोन स्पीकरवर होता आणि गाडीत सर होते! तू हसलीस, तेही हसले. मीही हसलो, पण मला स्पीकरवर घेतलंय हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मोबाइलच्या जाळ्यावर ज्याचं घर चाललं तो माणूस आज शाईचं पेन घेऊन बसला आहे. कागदाला स्पीकर नसतो.

तू आता मुख्य ऑफिसात सरांच्या हाताखाली बसतेस, नवे टॉवर उभारणाऱ्यांच्या बाजूला. तिथून आम्ही विभागातली माणसं कशी दिसतो कोण जाणे, म्हणून थोडी ओळख करून देतो. टॉवर उभा करायचा म्हणजे लोखंड, अँटेना, केबल, जनरेटर, बॅटऱ्या, आणि हवेतल्या लहरी वापरायचा परवाना, ज्याची किंमत ऐकल्यावर लोखंड फुकट वाटतं. हा भांडवली खर्च. तो एकदा होतो, दणक्यात होतो, त्याला नकाशे लागतात, मंजुऱ्या लागतात, फोटो लागतात. मग सगळे घरी जातात आणि टॉवर चालू लागतो. चालतो म्हणजे जागेच्या मालकाला भाडं, विजेचं बिल, वीज गेली की डिझेल, डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून रखवालदार, रखवालदारानेच ते विकू नये म्हणून मोजणारा, मोजणाऱ्याला न्यायला गाडी, आणि गाडीला पुन्हा डिझेल. हा चालू खर्च, आणि तो सांभाळणारा मी. घर पाहावं बांधून, असं आपल्यात म्हणतात. घर पाहावं चालवून, असं कोणी म्हणून ठेवलेलं नाही. चालवणाऱ्याला म्हणी करायला सवड मिळाली नसावी.

तू कुठल्या बाजूला जाणार हे मला फार आधी कळायला हवं होतं. तू दुसरीत असताना तुला सुट्टीत टेकडीवरच्या नव्या टॉवरच्या उद्घाटनाला नेलं होतं. मुख्य ऑफिसातून एक साहेब आले, त्यांनी फीत कापली, कापलेला लाल तुकडा तुझ्या हातात दिला आणि ते गाडीत बसून गेले. मी मागे थांबलो, कारण सकाळपासून जनरेटर क्षयरोग्यासारखा खोकत होता. तू ती फीत केसांना बांधून माझ्या शेजारी तेलकट फरशीवर उकिडवी बसलीस आणि विचारलंस, "बाबा, तू का नाही कापलीस?" मी म्हटलं, "आपलं काम हे लोक गेल्यावर सुरू होतं." त्यावर तू क्षणभर विचार केलास आणि जाहीर केलंस, "मग मी हे लोक होणार." आमचा जनरेटर मेकॅनिक, तुझा धूरकाका, अजून ती गोष्ट सांगून हसतो. मीही हसतो. पण तू खरंच 'हे लोक' झालीस तेव्हा मी एकटाच जरा कमी हसलो, हे आज कबूल करून टाकतो.

त्यात तुझे सर मागे आमच्या विभागात येऊन गेले. त्यांना पाहून राग यावा अशी जय्यत तयारी करून मी गेलो होतो. चकचकीत बूट, गुळगुळीत बोलणं, घड्याळाकडे नजर, असं सगळं गृहीत धरलं होतं. बूट चकचकीत होते, पण त्यांनी ते न बघता चिखलात घातले. जनरेटरच्या खोलीत माझ्याआधी शिरले. बॅटऱ्या उन्हाळ्यात किती तग धरतात असं विचारलं, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. मधे आपली हुशारी घातली नाही. जाताना म्हणाले, "तुमची मुलगी आकड्यांना घाबरत नाही. आकडेच तिला बघून सरळ उभे राहतात." आणि पुढे, "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. तुम्ही म्हणे डिझेलच्या वासावरून भेसळ ओळखता." मला आनंद झाला, अगदी कानापर्यंत झाला. मग गाडी वळणाआड गेली आणि मनात आलं, माझ्याविषयी त्यांना इतकं सांगायला हिला वेळ असतो; तिच्याविषयी मला सांगायला मात्र नेमकी रेंज जाते! धूरकाका शेजारीच उभा होता. हा माणूस सहसा कोणाला बरं म्हणत नाही. तो म्हणाला, "माणूस चांगला आहे हो साहेब. तुम्ही म्हणता तसा नाही." म्हणजे मी काय म्हणतो ते जनरेटरच्या खोलीपर्यंत पोचलेलं आहे. त्या गृहस्थांचा मला सापडलेला एकमेव दोष हाच की त्यांच्यात दोष सापडत नाही, आणि तो दोष अक्षम्य आहे.

आता तुझ्या टिपणाकडे येतो. नदीपलीकडच्या डोंगराळ भागात नवे टॉवर उभारण्याचा तुझा प्रस्ताव मागल्या आठवड्यात विभागाच्या अभिप्रायासाठी माझ्या टेबलावर आला. मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा बाप म्हणून वाचला. त्या वाचनाबद्दल लिहीत नाही, कारण एका जागी मला चष्मा पुसावा लागला, आणि ती जागा कुठल्या डोंगराची उंची किती एवढंच सांगणारी होती. दुसऱ्यांदा मत्सरी माणूस म्हणून वाचला. कुठलं वाक्य तुझं आणि कुठलं सरांचं हे शोधत गेलो. 'दूरगामी' हा शब्द तू आयुष्यात उच्चारलेला मी ऐकलेला नाही. समासात पेन्सिलीने 'स' लिहिलं. 'व्यापक हित' दिसलं, 'स' लिहिलं. 'आजचा खर्च ही उद्याची कमाई' याला तर दोन वेळा 'स' लिहिलं. समास भरत चालला तसा मी खिन्न होत गेलो. या सबंध टिपणात माझं म्हणून काही आहे की नाही? निदान एखादा स्वल्पविराम?

आणि सापडलं! चालू खर्चाच्या कोष्टकाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की प्रत्येक टॉवरमागचा वर्षाचा खर्च विभागाच्या अहवालातल्या सरासरीवरून धरला आहे. विभागाचा अहवाल म्हणजे माझा अहवाल, सरासरी म्हणजे माझी सरासरी. मी टिपण घेऊन तडक औषधांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक उभं होतं तरी तुझ्या आईपुढे कागद धरला आणि म्हटलं, "बघ, सर सर करते, पण आकडा बापाचाच घेतला! डोळे मिटून घेतलाय, तपासलासुद्धा नाही!" हे मी कौतुकाने म्हटलं, ठकू. तुझी आई खोकल्याचं औषध पिशवीत घालता घालता चष्म्यावरून म्हणाली, "तपासलासुद्धा नाही?" तेव्हा माझंच वाक्य मला ऐकू आलं.

म्हणून तिसरं वाचन केलं, चालू खर्चवाला म्हणून. आकडा बरोबर आहे. तो माझ्या टॉवरांचा आहे. मुख्य ऑफिस दर वर्षी विभागाकडून एकच सरासरी मागतं, मी ती देतो. पण माझे जवळजवळ सगळे टॉवर नदीच्या अलीकडे आहेत. त्यांच्या दारापर्यंत विजेची तार आहे, डांबरी रस्ता आहे, आणि डिझेल लागतं ते वीज रुसली तरच. नदीपलीकडे तारच नाही. तिथला टॉवर जनरेटरवर जागतो आणि जनरेटरवरच झोपतो. पलीकडे आपला आज एकच टॉवर आहे, खिंडीतला, आणि सरासरीत तो गर्दीतल्या मुक्या माणसासारखा हरवून जातो. त्याचं डिझेल आधी होडीतून जातं, मग ट्रॅक्टरमधून, आणि शेवटचा चढ माणसांच्या खांद्यावरून. ट्रॅक्टरला डिझेल लागतं ते वेगळं, खांद्यांना मजुरी लागते ती वेगळी. नदी फुगली की होडी बंद, म्हणून पिंपं आधीच भरून ठेवायची, आणि भरून ठेवलेली पिंपं राखायला आणखी एक माणूस. बॅटऱ्यांना दिवसातून कितीदा भरायचं आणि रिकामं करायचं याला तिथे धरबंध नाही, त्यामुळे बनवणारा जितकी वर्षं सांगतो त्याच्या निम्म्यातच त्या मान टाकतात. खिंडीतला तो एकटा टॉवर माझ्या अलीकडच्या चार टॉवरांइतकं खातो. तू तशा टॉवरांची अख्खी रांग मांडली आहेस आणि त्यांच्या ताटात अलीकडच्या टॉवरचा घास वाढला आहेस. तुझं बांधकाम चोख आहे, त्यात मला खिळाही हलवता आला नाही. पण दुसरं वर्ष संपायच्या आत चालवायचे पैसे संपतील.

संपले की काय होतं ते मी पाहिलं आहे. कड्याखालचा टॉवर तू लहान असताना असाच वाजतगाजत उभा राहिला आणि असाच उपाशी मेला. लोखंड अजून तिथेच आहे, भाड्यासाठी भांडणारा मालकही आहे, फक्त आवाज नाही. त्या वस्तीतल्या सुईणीला फोनची सवय लागली होती. नंतर कितीतरी दिवस ती फोन हातात घेऊन चढावर जायची आणि लागत नाही म्हणून आम्हाला शिव्या घालत खाली यायची. त्या शिव्या योग्य होत्या. मी त्यातल्या निम्म्या पाठ केल्या आहेत.

मग मी रीतसर अभिप्राय लिहिला, थंडपणे, आकड्यांसकट. लिहिला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. कारण लिहून झाल्यावर शंका आली. दुसऱ्याच्या गुणात दोष बघणं याला संस्कृतात असूया म्हणतात. मत्सराची ही धाकटी बहीण, दिसायला जास्त सभ्य, हातात नेहमी काहीतरी पुरावा घेऊन येते. समासात 'स' लिहीत बसलेल्या माणसाला एकाएकी इतकी मोठी चूक सापडावी, हे जरा फारच सोयीचं नाही का? मी दोन दिवस गुणाकार उलटसुलट करून पाहिले. धूरकाकाला नाव न सांगता विचारलं, "नदीपलीकडे दहा-बारा टॉवर चालवायचे झाले तर?" तो म्हणाला, "साहेब, आधी मला रिटायर करा." शेवटी तुझ्या आईला वाचायला दिलं. औषधाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचणारी बाई आहे ती. तिने शेवटपर्यंत वाचलं, कागद घडी करून परत दिला आणि म्हणाली, "तुम्ही जळताय हे खरं. पण गुणाकारही खरा आहे. आता दोन्ही तिला सांगा."

अभिप्राय ऑफिसच्या वाटेने पाठवला तर तो तुझ्याआधी समितीपुढे पडेल. बापाने मुलीच्या पहिल्या मोठ्या कामावर रेघ मारली ही गंमत जेवणाच्या सुट्टीत चवीने चघळली जाईल. गप्प बसलो तर सोमवारी समितीच्या बैठकीत टाळ्या पडतील, तुझ्यासाठी पडतील, आणि त्या टाळ्यांत मला हात बांधून उभं राहावं लागेल. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी जुन्या बॅटऱ्या घेऊन गाडी मुख्य ऑफिसकडे निघते आहे, धूरकाका बरोबर येतो आहे, तो हे थेट तुझ्या हातात देईल. बैठकीच्या आत तुला एक सबंध दिवस मिळेल. खिंडीतल्या टॉवरचे तीन वर्षांचे आकडे सोबत जोडले आहेत. ते घे, माझी सरासरी खोड आणि तुझं कोष्टक तूच पुन्हा मांड. टॉवर कमी होतील. कदाचित निम्मे होतील, पण जे उभे राहतील ते बोलतील. मी चुकलो असेन तर तसं लिही; मी माझा अभिप्राय खणातच फाडेन आणि सोमवारी सगळ्यांत मोठ्याने टाळी वाजवेन.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगतो, ते मघापासून साखरेमागे आणि सरांमागे दडवत आलो आहे. कड्याखालचा टॉवर मेला तेव्हा चौकशी झाली. समितीने एवढंच विचारलं की टिपणावर सही कोणाची. ती एका तरुण इंजिनिअरची होती. फीत कापणारे तोवर वरच्या मजल्यावर गेले होते; त्या तरुणाला कोठारात नटबोल्टांची मोजदाद करायला बसवलं, आणि एक दिवस तो न सांगता नोकरी सोडून गेला. तुझ्या टिपणावर तुझी एकटीची सही आहे. सरांची नाही. त्यांनी ते मोठ्या मनाने केलं असेल, तुझं काम म्हणून तुझं नाव पुढे आलं असेल. तसं असेल तर मी त्यांच्यापुढे हात जोडेन, आणि त्याबद्दलही जळेन. तसं नसेल तर काय, हे मला ठरवता येत नाही, कारण मोठ्या मनाने सोडलेली जागा आणि हिशोबाने सोडलेली जागा कागदावर सारखीच कोरी दिसते. तुला मी आवडेनासा झालो तरी चालेल, तू त्यांचंच ऐकलंस तरी चालेल. फक्त त्यांना एकदा विचार की खाली तेही सही करतील का. ते नाही म्हणतील याची मला भीती वाटते आहे, ठकू. दुसरं काही नाही.

तुझाच,
बाबा